तेलुगू सिनेमा घरी हिंदीत का बघायचा? सोलापूरकरांसाठी धागा

पूर्वभागकर

आपल्या शहरात तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी एकाच चौकात ऐकू येतात. साखर पेठेपासून विडी घरकुलापर्यंत घराघरात तेलुगू आहे. बाळीवेशीत, अक्कलकोट रोडला कन्नड आहे. आणि तरीही घरी तेलुगू किंवा कन्नड सिनेमा लावला की तो हिंदीतच चालू असतो, तेलुगू घरातसुद्धा. मला याची फार हळहळ वाटते, म्हणून हा धागा काढतोय.

बऱ्याचदा कारण साधंच असतं. ॲप आपणहून हिंदी आवाज लावतं आणि आपण तसंच बघत बसतो. कधी मूळ भाषा त्या ॲपवर नसतेच. ‘आरआरआर’ २०२२ च्या मे महिन्यात घरी बघायला मिळाला, तेव्हा नेटफ्लिक्सवर हिंदी होता आणि तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळम झी५ वर. ज्यांच्याकडे दुसरं ॲप नव्हतं त्यांनी हिंदी बघितला. पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं ते मात्र तेलुगू गाण्याला. चंद्रबोस यांनी लिहिलेलं, कीरवाणी यांनी चाल दिलेलं. आमच्या गल्लीत ज्यांनी ते फक्त हिंदीत ऐकलं होतं त्यांना मी तेलुगू ऐकवलं, तर पुन्हा पुन्हा लाव म्हणाले.

आमच्या घरी रविवारी संध्याकाळी सिनेमा असतो. अव्वा टीव्हीच्या सगळ्यात जवळ. तिनं उभा जन्म विड्या वळल्या, तिला लिहिता-वाचता येत नाही, पण तेलुगू सिनेमात तिच्याइतकं बारीक कोणाला कळत नाही. हिरो कुठल्या भागातला आहे, सासू खोटं कधी बोलते, सगळं ती आधी सांगते. शेजारच्या मराठी काकू तिच्याशेजारी बसतात आणि अव्वा त्यांना मोडक्यातोडक्या मराठीत समजावते. पोरं इंग्रजी सबटायटल वाचतात. एकच सिनेमा, प्रत्येकाला वेगळ्या वाटेनं पोचतो. हिंदी लावला असता तर अव्वाला कोणी काही विचारलंच नसतं.

तुमच्याकडे कसं आहे? काय बघता, कुठल्या भाषेत, आणि खोली, टीव्ही, आवाज यांचं काय केलंय? सगळं लिहा.

बाळीवेस

अगदी मनातलं लिहिलंत, अण्णा. आमच्याकडे कन्नड. ‘कांतारा’ आला तेव्हा, सप्टेंबर २०२२ मध्ये, आधी फक्त कन्नडमध्ये आला होता. हिंदी दोन आठवड्यांनी आला. घरी बघायला मिळाला तेव्हाही कन्नड प्राइमवर आधी आणि हिंदी नेटफ्लिक्सवर नंतर. आम्ही कन्नडच बघितला.

पण एक गोष्ट सांगतो. त्यातली कन्नड आपली कन्नड नाही. ती किनाऱ्याकडची, कुंदापूर भागातली. आमची अज्जी विजापूर जिल्ह्यातल्या इंडीकडची. पहिली दहा-पंधरा मिनिटं ती नुसती कान देऊन बसली होती, मग म्हणाली, “हे लोक वेगळेच बोलतात, पण कळतंय.” त्यानंतर तिनं प्रत्येक माणसाचं बोलणं ओळखायला सुरुवात केली. जमीनदार कसा बोलतो, जंगल खात्याचा साहेब कसा बोलतो, गावचे लोक कसे. हिंदीत हे सगळे एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलतात. सिनेमाचं भांडणच मुळात गाव, जमीनदार आणि सरकार यांच्यातलं आहे. कोण कसं बोलतं हे ऐकू आलं नाही तर निम्मं भांडण हरवतं.

ऋषभ शेट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो त्यांच्या स्वतःच्या आवाजातल्या अभिनयासाठी, हेही लक्षात घ्या.

सुईधागा

दादा, तुमचं म्हणणं चांगलं आहे, पण आमच्यासारख्या बायकांचाही विचार करा. मी घरी युनिफॉर्म शिवते. डोळे कापडावर आणि कान टीव्हीवर, असा माझा सिनेमा असतो. मला तेलुगू येत नाही आणि सबटायटल वाचायला गेले तर शिलाई वाकडी जाते. शिवाय ती सबटायटलं इंग्रजीत. मराठी सबटायटल किती सिनेमांना असतात? मला तरी फारशी दिसत नाहीत.

डबिंग आहे म्हणून मी साउथचे सिनेमे बघू शकले. दुपारच्या कामाच्या वेळी मला त्यांचीच सोबत असते. त्याला कमी लेखू नका.

पूर्वभागकर

ताई, कमी लेखत नाही. ज्यांना भाषा येत नाही आणि ज्यांचे डोळे कामात आहेत त्यांना डबिंग हवंच. आपल्या शहरात विड्या, शिलाई, कुंचे, पापड अशी हातांची कामं घरात चालतात, तिथे सिनेमा ऐकलाच जातो. मला खुपतं ते एवढंच, की तेलुगू घरात तेलुगू सिनेमा हिंदीतून येतो.

आणि तुम्हाला डबिंग हवं, तर ते हिंदीच का? ‘बाहुबली’ मराठीत डब होऊन टीव्हीवर लागला होता, अमोल कोल्हे यांच्या आवाजात. म्हणजे करता येतं. मराठी घरात मराठी डबिंग आणि सोबत मराठी सबटायटल, ही मागणी आपण सगळ्यांनी करायला हवी. ॲपमध्ये अभिप्राय पाठवायची जागा असते, तिथे मी दर वेळी हेच लिहितो.

सुईधागा

मराठीत मिळालं तर सोन्याहून पिवळं. मीही लिहीन.

करमाळ्याची

मी करमाळा तालुक्यातली, सध्या सोलापुरात नोकरीला. एका गोष्टीचा उल्लेख कोणी केला नाही म्हणून लिहिते. नागराज मंजुळे जेऊरचे. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ बघताना मला जे वाटलं ते मी कुठल्याच सिनेमात अनुभवलं नव्हतं, कारण पडद्यावरची माणसं माझ्या घरच्यासारखी बोलत होती. पुण्याच्या मराठीचं वळण त्यांना कोणी लावलं नव्हतं. ‘सैराट’चा हिंदी अवतार २०१८ मध्ये आला, तो राजस्थानात नेलेला. बघितला, आणि मला काहीच झालं नाही.

म्हणून मला पूर्वभागकरांचं म्हणणं पटतं. आपली बोली जशीच्या तशी ऐकायला मिळाली तेव्हा आपण किती हरखलो होतो. तेलंगणातल्या किंवा कुंदापूरच्या माणसालाही तोच मान द्यायला हवा.

कन्नड मंडळींसाठी: ‘सैराट’ कन्नडमध्येही झाला होता, ‘मनसु मल्लिगे’, २०१७ साली. त्यातही नायिका रिंकू राजगुरूच. अकलूजची पोरगी दोन भाषांत तीच भूमिका करते, हे आपल्या जिल्ह्याला शोभणारंच आहे. बाळीवेस, तुमच्या अज्जींना दाखवा.

बाळीवेस

हे माहीतच नव्हतं! शोधतो.

विजापूर_रोड

विषय उत्तम, पण माझी अडचण भाषेच्या आधीची आहे. आमच्याकडे ५५ इंची टीव्ही आहे. गाणी आणि मारामारी कानठळ्या बसवतात आणि माणसं बोलायला लागली की काही ऐकू येत नाही. सगळा वेळ रिमोट हातात. तेलुगू असो की हिंदी, संवादच कळत नसतील तर काय बघायचं? दुकानदार म्हणाला, सगळ्या टीव्हींचं असंच असतं.

आवाजवाला

माझा धंदाच आवाजाचा आहे, मंडप आणि कार्यक्रमांना साउंड लावतो. नीट सांगतो, थोडं लांबेल.

सिनेमाचा आवाज थिएटरसाठी बनतो. तिथे पडद्याच्या मधोमध एक वेगळा स्पीकर असतो आणि संवाद मुख्यतः त्यातून येतात. बाकी संगीत, स्फोट, पाऊस बाजूच्या आणि मागच्या स्पीकरांतून. याला पाच पॉइंट एक म्हणतात: पाच स्पीकर आणि एक दणका देणारा. तुमच्या टीव्हीत दोनच छोटे स्पीकर आहेत, तेही बहुतेक खाली किंवा मागे तोंड करून. सहा वाटांचा आवाज त्या दोघांत कोंबला जातो आणि संवाद दबतो. टीव्ही जितका चपटा, तितका स्पीकर बारीक.

पहिलं काम, पैसे न खर्चता. सिनेमा चालू असताना ॲपमधल्या आवाजाच्या यादीत जा. एकाच भाषेचे दोन पर्याय असतील, एक ५.१ आणि एक साधा किंवा स्टिरिओ, तर साधा निवडा. मग टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘क्लिअर व्हॉइस’, ‘स्पीच’, ‘डायलॉग’ अशा नावाचं काहीतरी असतं, ते चालू करा. ‘नाइट मोड’ असेल तर रात्री तो लावा, म्हणजे मोठा आवाज खाली येतो आणि बारीक आवाज वर येतो.

दुसरं काम खोलीचं. आपल्याकडे खाली फरशी, चारी बाजूंनी गिलाव्याच्या भिंती, वर स्लॅब. आवाज आपटून परत येतो आणि शब्दावर शब्द चढतो. यावर औषध आपल्या गावातच विणलं जातं. टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे तुमच्या पाठीमागे, जाड सोलापुरी चादर दुहेरी करून टांगा. भिंतीला चिकटवू नका, चार बोटं पुढे सोडा. खाली सतरंजी किंवा गालिचा. खिडकीलाही चादर लावली तर दुपारचा उजेडही जाईल. मी हे बऱ्याच घरांत करून दिलंय. चादरीनं दणका कमी होत नाही, पण घुमणं कमी होतं, आणि संवाद त्या घुमण्यातच बुडतात.

हे करूनही भागलं नाही तर साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घ्या. ज्यात मधला स्पीकर वेगळा आहे असा घ्या, नुसता मोठा डबा घेऊ नका. तो टीव्हीच्या एचडीएमआय एआरसी लिहिलेल्या भोकात जोडा, टीव्हीचा आवाज बारकडे जायची वाट तीच. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय भोकं असतात आणि एआरसी बहुधा एकालाच असतं. चुकीच्या भोकात घातलं की आवाज येत नाही आणि लोक बार बिघडला म्हणून परत नेतात.

विजापूर_रोड

साधा पर्याय निवडला आणि ‘क्लिअर व्हॉइस’ लावलं. आत्ता लगेच फरक कळला, खरंच. चादरीचं रविवारी करतो. आभारी आहे.

मागवाल्याची_लेक

आवाजवाला काका, माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझे वडील चाळीसेक वर्षं यंत्रमागावर होते. आता घरी असतात. तेलुगू सिनेमा हा त्यांचा जीव. पण त्यांना आवाज येतो, शब्द कळत नाहीत. आम्ही आवाज वाढवला की म्हणतात, मोठा नको, स्पष्ट कर. घरातले वैतागतात. त्यांना वाटतं आपल्यामुळे सगळ्यांना त्रास होतो, म्हणून हल्ली ते उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. मला हे बघवत नाही.

आवाजवाला

ताई, तुमचे वडील बरोबर बोलतात. मागाच्या आवाजानं कान जातात तेव्हा आधी बारीक, उंच पट्टीचा आवाज जातो. स्वर ऐकू येतात, कारण ते जाड आणि जोरकस असतात. ‘स’, ‘त’, ‘क’, ‘च’ यांचा जो फटकारा असतो तो उंच पट्टीत असतो, तो हरवतो. म्हणून बोलणं ऐकू येतं पण कोणता शब्द ते कळत नाही. आवाज वाढवला की जाड आवाजच आणखी वाढतो, आणि तो आधीच पुरेसा असतो.

टीव्हीत इक्वलायझर, म्हणजे जाड आणि बारीक आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायची सोय, असेल तर खालचे पट्टे कमी करा आणि वरचे, दोन हजार हर्ट्झच्या पुढचे, वाढवा. घरातल्या बाकीच्यांना किंचित कर्कश वाटेल. तसं होत असेल तर वडिलांना वेगळा हेडफोन द्या. काही टीव्हींत हेडफोन आणि टीव्हीचा स्पीकर एकाच वेळी चालतात, काहींत हेडफोन लावला की स्पीकर बंद होतो. ते सेटिंगमध्ये बघावं लागेल. आणि आधी कानाच्या डॉक्टरांकडे एकदा तपासणी करा. श्रवणयंत्राचा उपयोग होऊ शकतो, मागवाल्यांपैकी अनेकांना होतो. त्यांना ओट्यावर जाऊ देऊ नका.

पूर्वभागकर

ताई, वडील तेलुगू वाचतात का? आपल्याकडे तेलुगू माध्यमाच्या शाळा आहेत, त्या पिढीतले पुष्कळ जण तिथे शिकलेत. तेलुगू सिनेमाला तेलुगू लिपीतलं सबटायटल असेल तर ते लावून बघा. सगळीकडे नसतं, पण काही सिनेमांना असतं. ऐकू येणारा अर्धा शब्द आणि लिहिलेला पूर्ण शब्द, दोन्ही मिळून डोक्यात बसतं.

मागवाल्याची_लेक

वाचतात! रोज तेलुगू पेपर वाचतात. हे कधी सुचलंच नाही. बघते.

नवी_पेठ

याच्याशी जोडून. अंधांसाठी वर्णनाचा आवाज असतो, म्हणजे पडद्यावर काय घडतंय ते मधल्या शांत जागेत एक माणूस सांगतो. माझ्या भावासाठी आम्ही तो वापरतो. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका मोठ्या हिंदी सिनेमाच्या घरबसल्या प्रदर्शनासाठी सबटायटल आणि असं वर्णन द्यायला सांगितलं, आणि २०२४ च्या मार्चमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं थिएटरसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या. मराठी सिनेमांत हे फार कमी दिसतं. मराठी निर्मात्यांनी हे मनावर घ्यावं. सुईधागा ताईंसारख्या, डोळे कामात असलेल्या माणसालाही त्याचा फायदा होईल.

सुईधागा

हो की! मला हे माहीतच नव्हतं. आवाजाच्या यादीत शोधायचं का?

नवी_पेठ

हो, भाषा निवडतो तिथेच. भाषेच्या नावापुढे ‘ऑडिओ डिस्क्रिप्शन’ लिहिलेलं असतं.

जुळे_सोलापूर

आवाजाचं झालं, आता चित्राचं थोडं. नवीन टीव्ही दुकानातून येतो तेव्हा तो भडक रंगांवर लावलेला असतो, कारण दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये तो उठून दिसावा लागतो. घरी तसाच ठेवला तर माणसांचे चेहरे निळसर-पांढरे दिसतात. साउथच्या सिनेमांत सावळे चेहरे इतक्या सुंदर उजेडात चित्रित करतात, ते सगळं धुऊन जातं. ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ नावाचा मोड लावा. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल. टिकून राहा.

दुसरं, ‘मोशन’ नावाचं जे काही असेल ते बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून भरतो आणि मग भव्य सिनेमाही मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. क्रिकेटला ते चालतं, सिनेमाला नाही.

वर-खाली काळ्या पट्ट्या येतात त्या घालवायला झूम करू नका. त्या पट्ट्या सिनेमाच्या मूळ रुंदीमुळे येतात. झूम केलं की दोन्ही बाजूंची माणसं कापली जातात.

५५ इंचीला साधारण सात फुटांवर बसा. आपल्याकडे सोफा भिंतीला लावायची सवय, तो पुढे ओढा. आवाजवाल्यांच्या चादरीलाही मागे जागा मिळेल.

हिप्परगा

उन्हाळ्यात आमच्याकडे गच्चीवर प्रोजेक्टर लावतो. दिवसा ४२-४३ अंश, खोलीत पंखा गरम हवा फेकतो, रात्री गच्चीवरच माणसाला बरं वाटतं. घेणाऱ्यांसाठी सूचना. खोक्यावर ‘फोर के सपोर्टेड’ लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. त्याचा अर्थ फोर के चित्र तो स्वीकारतो एवढाच. स्वतःचं, म्हणजे ‘नेटिव्ह’ रिझोल्यूशन किती ते विचारा. स्वस्तातले अनेक प्रोजेक्टर त्यात फार खाली असतात. उजेडही ‘एएनएसआय ल्युमेन’मध्ये किती ते विचारा, खोक्यावरचे नुसते हजारांचे आकडे फसवे असतात.

१०० इंची पडदा म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच. डबल बेडची पांढरी बेडशीट ताणून लावा आणि खालच्या कडेला काठी शिवा, नाहीतर वाऱ्यानं हिरोचं तोंड हलत राहतं. मे महिन्यात पूर्ण अंधार पडायला पावणेआठ होतात. त्यात तेलुगू सिनेमा पावणेतीन-तीन तासांचा. म्हणून आम्ही मध्यंतराला थांबतो, उरलेला दुसऱ्या दिवशी. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर लावायला कायद्यानं बंदी आहे, आणि शेजारच्या घरातली लहान लेकरं झोपलेली असतात. कडक भाकरी, शेंगा चटणी, दही. थाळ्या मध्यंतरातच वाढतो, सिनेमा चालू असताना नाही.

पार्क_चौक

एक विनंती. गणपतीत काही मंडळं चौकात सिनेमा दाखवायचं म्हणतात. घरच्या ॲपचं सदस्यत्व घरच्यांपुरतं असतं. चौकात लोकांना दाखवायला हक्कधारकाची परवानगी लागते. आणि कोणाकडून तरी आलेली थिएटरात शूट केलेली फाइल तर घरीही नको. २०२३ च्या दुरुस्तीनं कायदा कडक झालाय, थिएटरात असं चित्रीकरण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि तीन लाखांपासून पुढे दंड आहे. पण दंडापेक्षाही, हलणाऱ्या कॅमेऱ्यातनं आलेला सिनेमा बघणं म्हणजे ज्यांनी तो बनवला त्यांचा अपमान आहे.

पुण्यातला_सोलापूरकर

सगळं वाचून आनंद झाला, पण एक खंत. आपण घरच्या सोयींबद्दल बोलतोय, पण मराठी सिनेमाला थिएटरात कोण जाणार? लहानपणी भागवत थिएटरला सिनेमा बघणं म्हणजे आठवड्याचा सण होता. २०२५ च्या सप्टेंबरात एकाच महिन्यात ‘दशावतार’ आणि ‘साबर बोंडं’ आले. एकात दिलीप प्रभावळकर कोकणातल्या कलावंताच्या भूमिकेत, दुसरा अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवून आलेला. पहिल्या आठवड्यात प्रेक्षक गेला तरच दुसऱ्या आठवड्यात खेळ टिकतो. घरी येईल तेव्हा बघू, असं सगळ्यांनीच म्हटलं तर घरी यायलाही सिनेमा उरणार नाही.

करमाळ्याची

सहमत, पण जिल्ह्यातली अडचण समजून घ्या. तालुक्याच्या गावी अशा छोट्या सिनेमाला खेळ मिळालाच तर एखादा, तोही अडनिड्या वेळेला. बाईमाणूस एकटी कशी जाणार? मोठ्या सिनेमाला मी थिएटरात जाते. छोट्या मराठी सिनेमाला गावात खेळ असेल तर मैत्रिणींना गोळा करून जाते, नसेल तर घरी पैसे भरून बघते. ज्यांना जवळ थिएटर आहे त्यांनी मात्र जायलाच हवं, यावर माझं दुमत नाही.

बाळीवेस

माझा मूळ धाग्यावर एक आक्षेप राहिलाय. पूर्वभागकर, तुमच्या अव्वा काकूंना समजावतात, ते चांगलं. पण सिनेमा चालू असताना सतत कोणी बोललं की माझा रसभंग होतो. माझ्या घरी मी नियम केलाय, बोलायचं असेल तर पॉज करा.

पूर्वभागकर

तुमच्या घरी तुमचा नियम, त्यात गैर काही नाही. आमच्याकडे अव्वाचं बोलणं आम्हाला सिनेमाइतकंच हवं असतं. तिनं पाहिलेलं जग आम्ही पाहिलेलं नाही. कारखान्यात शेठनं सुपातल्या विड्या कशा बाद केल्या, पगाराच्या दिवशी काय व्हायचं, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. सिनेमातला मुकादम पडद्यावर आला तेव्हा सांगितलं. मी पॉज करून ऐकलं आणि मग सिनेमा पुढे नेला.

नवी_पेठ

धाग्यात जुन्यातलं एकही नाव आलं नाही म्हणून सांगते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या गावचे. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ च्या डिसेंबरात तिथेच गेले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये सिनेमा काढला, ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’. कोटणीसांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली आणि त्यांच्या चिनी पत्नीची जयश्री यांनी. ज्या घरातली मुलं शाळेच्या सहलीला कोटणीस स्मारक बघून आली आहेत, त्यांना तो जरूर दाखवा. सुरुवातीचा भाग सोलापुरातल्या घरचा आहे. आवाज जुना आहे, त्यामुळे आवाजवाल्यांनी सांगितलेलं ‘क्लिअर व्हॉइस’ तिथेही लावा.

पूर्वभागकर

फार चांगली आठवण करून दिलीत. १० ऑक्टोबर हा डॉक्टरांचा जन्मदिवस, त्या आठवड्यातला रविवार आमच्या घरी या सिनेमासाठी ठरला. त्याच्या आधीच्या रविवारी ‘मनसु मल्लिगे’. आमच्याकडे कन्नड कोणाला येत नाही, तर बाळीवेस, तुम्ही आणि अज्जी या. समजावणारं कोणीतरी हवंच.

बाळीवेस

अज्जीला विचारलं. येते म्हणाली. मधे पॉज करायचा नाही, अशी तिची अट आहे.

मागवाल्याची_लेक

एक सांगायचं होतं. तेलुगू सबटायटल दोन सिनेमांना मिळालं, एकाला नाही. वडिलांनी मिळालेला एक पूर्ण बघितला. वरचे पट्टे वाढवले तर भावाला कर्कश वाटतंय, म्हणून ब्लूटूथ हेडफोन घेतला. टीव्हीचा स्पीकरही सोबत चालतो. पण वडील म्हणतात, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. काय करू?

आवाजवाला

ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोचतो. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘एव्ही सिंक’ किंवा ‘ऑडिओ डिले’ बघा, तिथे काहीसं जुळवता येतं. वडिलांना ओठ बघून शब्द लावायची सवय असणार. मागावर सगळेच तसे बोलतात, त्यामुळे त्यांना हा उशीर इतरांपेक्षा जास्त खटकेल. सेटिंगनं जुळलं नाही तर वायरचा हेडफोन घ्या. टीव्हीला हेडफोनचं भोक असेल तर लांब वायर लावा, पाच मीटरची सहज मिळते. भोक नसेल तर टीव्हीचं मॉडेल इथे लिहा, कुठली पिन लागेल ते सांगतो.

मागवाल्याची_लेक

भोक आहे, मागच्या बाजूला. शनिवारी वायर आणते.